ढगाच्या माथ्यावरून वर जाणारी वीज

मेघदर्शी यांचा प्रश्न:
आंद्रेयास मोगेन्सन या डॅनिश अंतराळवीरांनी 2015 च्या सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून बंगालच्या उपसागरावरील वादळाचे चित्रीकरण केले, त्यात ढगाच्या माथ्यावरून एक निळा झोत सुमारे 40 किलोमीटर उंचीपर्यंत चढलेला दिसतो. वर तर विजेला ओढून घेणारे काहीच नाही, मग ती तिकडे का जाते? 'स्प्राइट' म्हणतात ते हेच का?

अवकाशवेडा:
वीज सुरू होते ती ढगातल्याच विरुद्ध प्रभारांमधील ताणामुळे. जमीन हे तिच्या अनेक वाटांपैकी एका वाटेचे टोक आहे. वादळी ढगाच्या मध्यभागी साधारणपणे ऋणप्रभार आणि माथ्याकडे धनप्रभार साचतो, आणि त्या धनप्रभाराने ओढलेल्या ऋणप्रभाराचा एक पातळ थर ढगाच्या वरच्या कडेवर जमतो. माथा आणि हा थर यांच्यात ठिणगी पडली व थराचा प्रभार अपुरा ठरला, तर ती थर भेदून बाहेर पडते. हाच आपण पाहिलेला निळा झोत. उंचावर हवा विरळ असल्यामुळे तिच्यातून वाट काढायला विद्युतक्षेत्रही कमी पुरते. याहून मोठा प्रकार म्हणजे महाकाय झोत: माथ्याचा धनप्रभार क्षीण झालेला असताना मधल्या ऋणप्रभारातून निघालेली वीज तो ओलांडून थेट वर जाते. 2001 मध्ये प्वेर्तो रिकोतील आरेसिबो येथून असा एक झोत सुमारे 70 किलोमीटरपर्यंत चढलेला टिपला गेला.

सौदामिनी:
स्प्राइट मात्र वेगळे, आणि ही गल्लत फार होते, म्हणून स्पष्ट सांगते. ते ढगातून निघतच नाहीत. धनप्रभाराची प्रबळ वीज जमिनीवर पडली की ढगातील प्रभार एकाएकी कमी होतो, वरचे विद्युतक्षेत्र क्षणभर वाढते आणि 70 ते 80 किलोमीटर उंचीवरील विरळ हवा स्वतःच उजळते. तेथून तंतू आधी खाली उतरतात, मग काही वरही जातात. नायट्रोजनमुळे ते तांबडे दिसतात आणि काही मिलिसेकंदांत विझतात. भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी 1920 च्या दशकातच ही शक्यता मांडली होती, पण पहिले छायाचित्र 1989 मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांना मिळाले, तेही दुसऱ्याच कामासाठी कॅमेरा तपासत असताना.

मेघदर्शी:
मनःपूर्वक आभार. वळवाच्या दिवसांत सह्याद्रीवरून स्प्राइट टिपता येतील का?

सौदामिनी:
प्रयत्न अवश्य करावा. डोक्यावरचे वादळ उपयोगाचे नाही. 200 ते 300 किलोमीटर दूरचे वादळ, मधले आकाश निरभ्र आणि रात्र अंधारी हवी. तीनशे किलोमीटरवरील स्प्राइट क्षितिजापासून साधारण 13 अंशांवर दिसेल, तेव्हा कॅमेरा ढगाच्या बराच वर रोखावा.