खाणावळीच्या वहीतील देणेकऱ्यांची नावे प्रकल्पात लिहावीत का? मदत हवी आहे

नमस्कार. मी लालबागमध्ये राहते आणि दादरच्या एका महाविद्यालयात इतिहास हा विषय घेऊन कला शाखेच्या तिसऱ्या वर्षात शिकत आहे. आपल्यापैकी कोणी गिरणीत काम केले असेल, कोणाच्या आईने किंवा आजीने खाणावळ चालवली असेल, किंवा कोणी महिन्याच्या बोलीवर तेथे जेवले असेल, तर मला आपला सल्ला हवा आहे. प्रश्न नीट समजावा म्हणून आधी माझ्याविषयी आणि घराविषयी सांगते.

आमची खोली दहा बाय बाराची आहे, वर पोटमाळा आणि बाहेर सामाईक गॅलरी. वडील बेस्टमध्ये वाहक आहेत. आई शिवणकाम करते आणि मसाल्याच्या दिवसांत, म्हणजे मार्चपासून पाऊस सुरू होईपर्यंत, जवळच्या मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ काढण्याच्या कामाला जाते. त्या दिवसांत तिच्या बोटांची इतकी आग होते की कणीक मळणे आणि आजीची वेणी घालणे ही दोन्ही कामे माझ्याकडे येतात. सकाळी पाणी भरून झाले की मी करी रोडला गाडी पकडते, दुपारी परतते आणि संध्याकाळी गॅलरीत चाळीतल्या पाच मुलांची शिकवणी घेते. माझा स्वतःचा अभ्यास रात्री दहानंतर सुरू होतो. चाळीचा पुनर्विकास ठरला असून मे महिन्यात आम्हाला खोली रिकामी करून द्यायची आहे, त्यामुळे दिवाळीनंतर आम्ही पोटमाळा आवरायला घेतला आणि तेथे पत्र्याच्या डब्यात ही वही सापडली.

माझी आजी मूळची राजापूर तालुक्यातली. लग्न होऊन ती याच खोलीत आली. आजोबा गिरणीत साचे खात्यात होते आणि त्यांच्या पगारात घर भागत नव्हते म्हणून तिने खाणावळ सुरू केली. गिरणगावात अशा बायका गल्लोगल्ली होत्या. कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष गावाकडे कुटुंब ठेवून एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहत, तेव्हा त्यांच्या जेवणाची सोय या बायकांनीच केली. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून, ही गोष्ट मला माझ्या प्राध्यापिकेने सांगेपर्यंत ठाऊक नव्हती. गिरण्यांच्या इतिहासात १८५४ साली कावसजी दावर यांनी काढलेल्या पहिल्या कापड गिरणीविषयी आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये मिळालेल्या रविवारच्या सुट्टीविषयी मी परीक्षेत उत्तरे लिहिली आहेत. पहाटे चार वाजता स्टोव्ह पेटवून सातच्या पाळीच्या आधी तेवीस माणसांच्या चपात्या लाटणाऱ्या बाईविषयी मात्र मला कधी प्रश्न आला नाही आणि मीही कधी तो विचारला नाही, जरी ती बाई माझ्या शेजारच्या अंथरुणावर झोपत होती.

वही साधी, आखीव कागदांची आहे. आजीला अक्षरओळख नाही, आकडे तेवढे येतात. त्यामुळे डावीकडची नावे माझ्या आत्याने लिहिलेली आहेत. ती तेव्हा चौथीत होती. शिरोरेषा एका ओळीतून दुसऱ्या ओळीत उतरलेली, ‘ळ’ प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि पानांच्या कडांना हळदीच्या बोटांचे ठसे. नावापुढे आजीने स्वतः पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. एका वेळच्या जेवणाला एक उभी रेघ, खाड्याला गोल. खाडा आधी सांगितला असेल तर गोल रिकामा आणि न सांगता झाला असेल तर भरलेला, हे आत्याला अजून आठवते, कारण भरलेल्या गोलाचे पैसे कापले जात नसत.

ही वही १९८२ ची आहे. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, हे आपण सर्वच जाणतो. वहीत मात्र जानेवारीच्या पानावर काहीही बदललेले दिसत नाही, रेघा तशाच ओळीने चालू आहेत. फेब्रुवारीतही चालू आहेत. फक्त उजवीकडचा पैशांचा रकाना कोरा आहे. मार्चमध्ये काही नावांपुढे ‘गावी’ असे लिहिले आहे आणि गणपतीपर्यंत जेवणारी सहाच नावे उरली आहेत. या सगळ्या काळात आजोबाही संपावर होते, म्हणजे घरात पगार येत नव्हता आणि खाणावळीचे पैसेही येत नव्हते. तरी रेघा थांबलेल्या नाहीत. आजीने आपल्या पाटल्या त्याच वर्षी मोडल्या, हे मला आत्याकडून कळले. आजीने स्वतः ते कधीही सांगितलेले नाही.

शेवटच्या पानावर तेवीस जणांच्या बाकीची यादी आहे. अकरा नावांवर आडवी रेघ मारून पुढे ‘फिटले’ लिहिले आहे, आणि त्यातील एकाने पैशांऐवजी गावाहून तांदळाचे पोते आणून दिल्याची नोंद आहे. पाच नावांपुढे काहीच नाही. उरलेल्या सात नावांपुढे एक लहानसा त्रिकोण काढलेला आहे.

आता माझी अडचण सांगते. मार्चअखेरीस मला प्रकल्प सादर करायचा आहे आणि तो मी याच वहीवर लिहायचे ठरवले आहे. फोर्टमध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असलेल्या राज्य पुराभिलेखागारात जाऊन सरकारी कागद पाहण्याचाही विचार आहे, पण प्रकल्पाचा मुख्य आधार ही वहीच राहील. प्राध्यापिकेचे म्हणणे असे की नावे आणि गावे दिली तरच या नोंदींना पुरावा म्हणून वजन येईल, कोण कोठून आला आणि संपात कोठे गेला हे त्याशिवाय सांगता येणार नाही. मी आजीला विचारले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “जेवून गेलेल्या माणसाचं देणं चारचौघांत बोलायचं नसतं,” आणि सूप उचलून आत गेली. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी वहीविषयी एक शब्दही बोलली नाही. तिचा शब्द मोडून मला काहीही लिहायचे नाही, म्हणूनच येथेही मी एकही नाव दिलेले नाही. बाकी राहिलेल्यांपैकी एकाचे कुटुंब आमच्याच मजल्यावर राहते आणि त्यांचा नातू माझ्याकडे शिकवणीला येतो. त्याच्या आजोबांचे नाव उधारीच्या यादीत छापले गेले तर मी त्या मुलासमोर पाटी घेऊन कशी बसू, हा विचार मला रात्री झोपू देत नाही.

नावांऐवजी ‘सभासद १, सभासद २’ असे लिहावे, असा एक मार्ग वर्गातील मैत्रिणीने सुचवला. परंतु या माणसांना गिरणीनेही बिल्ल्याच्या नंबरावरच ओळखले होते. आजीच्या घरी तरी त्यांना नाव होते, आणि ते एका लहान मुलीने मन लावून लिहिले होते. ते पुसून पुन्हा आकडे लिहायला माझा हात धजत नाही. नावे बदलून गावे तशीच ठेवणे योग्य ठरेल का? की ज्यांची कुटुंबे येथे आहेत त्यांच्याकडे आधी जाऊन परवानगी घ्यावी, आणि घ्यायची झाल्यास देण्याचा विषय न काढता बोलायला सुरुवात कशी करावी? मौखिक इतिहासाचे काम ज्यांनी केले आहे त्यांनी हे जरूर सांगावे. आजीशी बोलताना मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू केले की ती गप्प होते, त्यामुळे ऐकून नंतर लिहून काढलेले चालते का, हेही मला समजून घ्यायचे आहे.

ज्यांच्या घरी खाणावळ होती त्यांना आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. संपाच्या आधी दोन वेळच्या जेवणाचा महिन्याचा दर साधारण किती होता? वहीत तो आकडा पाणी पडून पुसला गेला आहे. आणि बाकीच्या यादीतील त्रिकोणाचा अर्थ कोणाला माहीत आहे का? त्या सातांपैकी दोघे गावी गेले ते परत आले नाहीत, एक जण येथेच वारला आणि एकाचे कुटुंब वर सांगितल्याप्रमाणे आमच्या शेजारी आहे, म्हणजे ती खूण गेलेल्या माणसांची नाही. उरलेल्या तिघांचा पत्ता लागत नाही. आत्या म्हणते, आजीने ते सातही त्रिकोण एकाच संध्याकाळी, आजोबांना दुसरीकडे काम लागल्यानंतर काढले होते. आपल्या घरच्या एखाद्या जुन्या वहीत अशी खूण पाहिली असेल, तर कृपया कळवावे.