शेर छाटताना चिकापासून हात कसे वाचवायचे?

मातीतलेहात: शेराची (कुंपणाला लावतात ते चिकाचं झाड) छाटणी केली की मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे उठतात, रात्रभर आग होते. तळहाताला मात्र काहीच नाही! कापडी हातमोजे घालते, नंतर भरपूर पाण्याने धुते, तरी तेच. आता पॉइन्सेटियाही छाटायचाय. आधी एखादं क्रीम लावायचं असतं का?

कात्रीवाली: कापडी मोजे आधी बाद करा. कापड चीक पितं आणि छाटणी संपेपर्यंत तो कातडीला लागून राहतो. नायट्रिलचे (चीक न शोषणाऱ्या कृत्रिम रबराचे), लांब मनगटाचे घ्या. क्रीमच्या भरवशावर राहू नका.

चट्टे कोपराकडे का, तर उंच फांदी कापताना हात वर असतो. चीक कात्रीवरून मोज्यावर, तिथून ओघळत थेट बाहीत. तळहाताची कातडी जाड, तिला पटकन बाधत नाही. मनगटाच्या आतली नाजूक. म्हणून बाही मोज्याच्या आत खोचायची आणि मोज्याची कड दोन बोटं बाहेर उलटवायची. हात वर केला की ओघळ त्या घडीत अडकतो. फांदी कापली की टोकावर लगेच पाण्याचा फवारा मारा, चीक थांबतो.

आणि नुसत्या पाण्याने धुऊ नका हो! हा चीक पाण्यात विरघळत नाही, पसरतो. आधी कागदाने टिपून घ्या, मग साबण आणि गार पाणी. कात्रीची पाती आणि मूठ स्पिरिटने पुसा, नाहीतर पुढच्या वेळी त्याच मुठीतून परत हाताला.

पॉइन्सेटियाही शेरासारखा युफोर्बिया वंशातलाच, पण त्याचा चीक शेराच्या मानाने बराच सौम्य.

जुनामाळी: डोळ्यांचं राहिलंच की. बाजूने बंद असलेला चष्मा लावा, मोज्याच्या हाताने घाम पुसू नका. शेराचा चीक डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा, झाडाचा फोटो सोबत घेऊन. थोडंच चुरचुरतंय म्हणून थांबू नका, त्रास काही तासांनी वाढतो. रुई तर फारच लबाड. तिचा चीक गेला तर कधीकधी दुखतसुद्धा नाही, नुसतं धूसर दिसायला लागतं.

मातीतलेहात: बाहीचं अगदी पटलं, चट्टे तिथेच असतात. अंजिरालाही हेच सगळं?

कात्रीवाली: मोजे, साबण तेच. पण अंजिराची खोड वेगळी. चीक लागलेल्या जागी ऊन पडलं की एक-दोन दिवसांनी फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात, ते महिनोन्महिने जात नाहीत. त्या दिवशी काही जाणवत नाही, म्हणून अंजिरावर संशयही जात नाही. अंजीर ऊन उतरल्यावरच छाटा, आणि त्याच संध्याकाळी साबणाने हात धुवा.