लहान वीजग्राहकांचे प्रतिमान (वीजवापराचा अंदाज बांधणारे गणिती मॉडेल) घराघराचे असावे की समूहाचे?

धागाकर्ता
वीजमागणीचे नियोजन करताना मोठ्या कारखान्याचा भार स्वतंत्रपणे पाहिला जातो, घरे आणि लहान दुकाने मात्र एकाच सरासरी आलेखात कोंबली जातात, आणि हे मला चुकीचे वाटते. मीटर दर १५ मिनिटांनी नोंद घेत असेल, तर एका ग्राहकाच्या दिवसाला ९६ नोंदी मिळतात. २००० वॅटचा गिझर १५ मिनिटांत अर्धे युनिट खातो, त्यामुळे तो केव्हा चालू झाला हे आकड्यांत ठळक दिसते. साठवणीच्या गिझरच्या टाकीतले पाणी काही तास गरम राहते, म्हणून तो भार अलीकडे-पलीकडे सरकवता येतो. दिव्यांचा भार तसा सरकवता येत नाही. सरासरीत नेमका हाच फरक पुसला जातो.

प्रतिसाद १
असहमत. एका घराचा आलेख आज सातला उसळतो, उद्या आठला. त्याचा अंदाज बांधणे जवळजवळ व्यर्थ आहे. घरांचे वागणे परस्परांशी निगडित नसेल, तर १०० घरांच्या एकत्रित भाराच्या अंदाजातली सापेक्ष चूक (भाराच्या प्रमाणातली चूक) एका घराच्या तुलनेत सुमारे दहाव्या भागावर येते. सगळे गिझर एकाच वेळी चालत नाहीत, या भरवशावरच तर रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) क्षमता ठरवली जाते. शिवाय मीटरवरच्या एकूण भारातून आतली उपकरणे ओळखता येतात, हे संशोधक जॉर्ज हार्ट यांनी १९९२च्या शोधनिबंधात सविस्तर मांडले आहे. घरात माणसे केव्हा नसतात, हेही त्याच नोंदी सांगतात.

धागाकर्ता
खासगीपणाचा मुद्दा मान्य. स्वेच्छेने सहभागी झालेल्या थोड्या घरांवरून प्रतिमान बांधावे आणि इतरांच्या नोंदी एकत्र करूनच वापराव्यात. पण ‘परस्परांशी निगडित नसेल तर’ ही आपली अट नेमक्या अडचणीच्या क्षणी मोडते. बराच वेळ गेलेली वीज परत येते तेव्हा तापलेले सगळे फ्रिज आणि एसी एकदमच सुरू होतात. दिवसाच्या वेळेनुसार दर बदलत असतील आणि स्वस्त दर ठरावीक मिनिटाला लागू झाला, की टायमरवरची उपकरणेही तेच करतात, आणि आपणच ठरवलेल्या दराने मागणीचे नवे शिखर उभे राहते. एरवीच्या वापरावर बेतलेल्या सरासरीला याची चाहूल लागत नाही; त्यासाठी फ्रिजच्या आतले तापमान किती चढले असेल, इथपासून हिशेब करावा लागतो.

प्रतिसाद २
दोघांच्याही मांडणीत माणूस सुटला आहे. दर वाढूनही ज्या घराचा वापर घटत नाही, ते घर प्रतिमानात ‘प्रतिसादशून्य’ ठरते. तिथे रुग्णाचे ऑक्सिजन यंत्र चालू असेल, किंवा रात्रपाळीहून आलेल्या माणसाला स्वयंपाकासाठी तेवढीच वेळ मिळत असेल. वापर सरकवण्याची इच्छा नसणे आणि सोय नसणे या दोन गोष्टी मीटरच्या आकड्यांत सारख्याच दिसतात. त्यामुळे प्रतिमान घराघराचे असो वा समूहाचे, त्यावरून दर ठरवण्याआधी ग्राहकांना प्रत्यक्ष विचारलेच पाहिजे, आणि ज्यांची सोयच नाही त्यांना चढ्या दरातून वगळले पाहिजे.