आफ्रिकेतला छोटा शेतकरी: मोबाइलवरचा सल्ला की मातीतला दिवा?

ओलावा (धागाकर्ता)

आफ्रिकेतल्या 'डिजिटल शेती'चे अहवाल वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. सेवा किती लाख लोकांपर्यंत पोचली हे ठळक अक्षरांत असतं. पोचल्यावर कुणी पाण्याची पाळी बदलली का, हे मात्र शोधत बसावं लागतं. माझं मत रोखठोक आहे: सल्ल्याचे मेसेज पाठवण्यावर जो पैसा जातो, त्यातला बराचसा शेतकऱ्याला त्याच्याच रानातली ओल दाखवणाऱ्या साधनांवर जायला हवा.

उदाहरण देतो. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मदतीने मोझांबिक, टांझानिया आणि झिम्बाब्वेतल्या छोट्या सिंचन योजनांवर एक प्रकल्प सुरू झाला. त्यात 'कमीलियन' नावाचा, मातीतली ओल ओळखणारा संवेदक (सेन्सर) वापरला. सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेचे मृदाशास्त्रज्ञ रिचर्ड स्टर्झेकर यांचं हे काम. मुळांच्या टप्प्यात वेगवेगळ्या खोलीवर संवेदक पुरायचे, वायरी वर ठेवायच्या, पाहणी करताना हातातलं छोटं यंत्र जोडायचं. प्रत्येक खोलीसाठी एक दिवा लागतो. निळा म्हणजे भरपूर ओल, हिरवा म्हणजे पिकाला पुरेशी, लाल म्हणजे सुकलं. आकडे वाचायची गरज नाही. शेतकरी तेच रंग वहीत रंगवून ठेवतात, म्हणजे हंगामभराचं चित्र एका पानावर.

झालं असं की वरची माती कोरडी दिसली की पाणी सोडायची सवय होती, आणि खाली तर निळाच दिवा! लोकांनी पाळ्या लांबवल्या. उत्पादन घटायच्या ऐवजी वाढलं, कारण जादा पाण्याबरोबर मुळांखाली वाहून जाणारं नत्र आता पिकाला मिळू लागलं. वाचलेला वेळ दुसऱ्या कामांना मिळाला, पाण्यावरून होणारी भांडणंही कमी झाली. 'पाणी जपून वापरा' असा मेसेज रोज पाठवून हे झालं असतं? मला नाही वाटत. दुसऱ्याने सांगितलेलं आणि आपण पाहिलेलं यात फरक पडतोच.

मतं वाचायला आवडतील. विरोधी असली तर जास्तच.

बेरीज_वजाबाकी

सहमत नाही. मेसेजला इतकं हिणवायचं कारण नाही.

मायकेल क्रेमर (2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्यांपैकी एक) आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी या विषयाचा आढावा घेतला होता. मोबाइलवरच्या सल्ल्याने उत्पादनात सरासरी 4 टक्के वाढ, आणि शिफारस केलेल्या निविष्ठा (बियाणं, खतं वगैरे) वापरण्याची शक्यता 22 टक्क्यांनी जास्त. 4 टक्के ऐकून कुणी फेटा उडवणार नाही, मान्य. पण मेसेजचा खर्च बघा! एकदा यंत्रणा उभी राहिली की पुढच्या लाखभर शेतकऱ्यांना कळवायला जवळपास काहीच लागत नाही. तुमचा संवेदक लाखभर शेतांत पुरायला माणसं, वायरी, बॅटऱ्या आणि नादुरुस्त झाल्यावर बघणारा कुणीतरी लागेल.

दुसरं, सगळे प्रश्न ओलीचे नसतात. पश्चिम केनियात बऱ्याच जमिनी आम्लधर्मी आहेत, तिथे शेतात चुना टाका हे सांगणारे मेसेज उपयोगी पडले. 2016 मध्ये आफ्रिकेत लष्करी अळी आली ती मक्यावर तुटून पडली. तेव्हा दिवा काय करणार होता?

रानातला_राजू

दोघांचंही बरोबर आणि दोघांचंही अर्धवट. सहाराच्या दक्षिणेला लागवडीखालची जेमतेम 4-6 टक्के जमीन ओलिताखाली आहे. बाकीचे आभाळाकडे बघतात. ज्याच्याकडे पंपच नाही त्याला पाळी कधी द्यायची हे मेसेजने सांगा नाहीतर दिव्याने, काय फरक पडतो?

केनियात सनकल्चरसारख्या कंपन्या सौर पंप हप्त्याने देतात. डिजिटल म्हणून काही कामाचं असेल तर ते हे. हप्ता मोबाइलवरून भरायचा. 2007 मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा सुरू झाली नसती तर हा धंदा उभा राहणं अवघड होतं. आधी पाणी, मग प्रबोधन.

ओलावा

@राजू, पंपाचं खरं. पण अशा हप्त्याच्या योजनांत हप्ता थकला की पंप दुरूनच बंद करता येतो. ही अट सही करण्याआधी शेतकऱ्याला त्याच्या भाषेत, तोंडी, उदाहरण देऊन सांगितली गेली का? पीक ऐन फुलोऱ्यात असताना पंप थांबला तर कुणाला फोन करायचा? माझा वाद याच ठिकाणी आहे. वस्तू विकताना भरभरून बोलतात, अटी मात्र बारीक टायपात.

केनियातच 2009 मध्ये 'किलिमो सलामा' हा हवामान-निर्देशांकावरचा पीकविमा आला. भरपाई हवामान केंद्रावरच्या पावसानुसार, थेट मोबाइलवर. कल्पना चांगलीच. पण केंद्रावर पाऊस पडला आणि तुमच्या रानात नाही, तर पैसे नाहीत. हे आधी नीट समजावलं नाही तर पुढच्या वर्षी शेतकरी त्या फोनकडे ढुंकून बघणार नाही.

@बेरीज_वजाबाकी, लष्करी अळीचा मुद्दा मान्य. तिथे मेसेजच हवा, आणि तातडीने.

सुमन_नैरोबी

इथे राहते म्हणून लिहिते. तुम्ही सगळे 'शेतकरी' म्हणताय आणि डोळ्यांसमोर पुरुष आहे. शेतात वाकलेली बहुतेक वेळा बाई असते आणि फोन नवऱ्याच्या खिशात. मेसेज 'पोचला' असं नोंदवलं जातं ते त्या खिशापर्यंत.

रेडिओचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. रेडिओ भाजी निवडताना, गाय दोहताना ऐकता येतो, वाचता यावं लागत नाही. आणि रेडिओला फोन जोडला की खरी गंमत: ऐकणारी बाई मिस्ड कॉल देते, प्रश्न बोलून नोंदवते, पुढच्या भागात उत्तर मिळतं. इथिओपियात 2014 पासून 8028 हा नंबर आहे. साध्या फोनवरून लावायचा, भाषा निवडायची, पीक निवडायचं आणि ऐकायचं. इंटरनेट लागत नाही. आपल्याकडचं किसान कॉल सेंटर तर 2004 पासून चालू आहे, फक्त तिथे पलीकडे माणूस असतो, 8028 वर बहुतेक ध्वनिमुद्रण.

माणूस असलेला बरा, असं माझं मत.

फाइल_क्रमांक_सात

निधी देणाऱ्यांच्या बाजूने कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. (शिव्या खायची सवय आहे.) मंत्रालय, बँक, पाणीवाटप समिती यांनाही काहीतरी दाखवावं लागतं. एफएओने (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) 2017 मध्ये 'वापोर' सुरू केलं, उपग्रहावरून कुठे किती पाणी वापरून किती पीक आलं हे फुकट दिसतं. असे नकाशे नसतील तर योजनेला पुढच्या वर्षी पैसे कोण देणार? शेतकऱ्याशी बोला, पण कार्यालयाशीही त्याच्या भाषेत बोलावंच लागतं.

शिवाय धागाकर्त्यांनी कमीलियनच्या कौतुकात एक गोष्ट गाळली. त्या प्रकल्पात नुसता संवेदक नव्हता. शेतकरी, व्यापारी, निविष्ठा विक्रेते आणि अधिकारी यांना एकत्र बसवणारे मंचही होते. बाजार, पाटदुरुस्ती, सगळ्यावर तिथे चर्चा व्हायची. पीक वाढलं याचं सगळं श्रेय दिव्याला देणं हाही एक प्रकारचा ठळक अक्षरांतला अहवालच.

बेरीज_वजाबाकी

+1. हेच म्हणायचं होतं.

ओलावा

मंचांचं श्रेय द्यायला हरकत नाही. पण त्या बैठकीत शेतकऱ्याच्या हातात रंगवलेली वही होती आणि तो ती अधिकाऱ्यापुढे ठेवू शकत होता. मेसेज वाचून आलेला माणूस काय ठेवणार?

वापोरबद्दल: सुरुवातीला अख्ख्या खंडासाठी 250 मीटरचा ठोकळा (नकाशातला सर्वांत लहान चौकोन) होता. म्हणजे सव्वासहा हेक्टर, सुमारे पंधरा एकर. त्यात अर्ध्या एकराची किती शेतं बसली हे तुम्हीच मोजा. निवडक योजनांसाठी 30 मीटरचा, म्हणजे नऊएक गुंठ्यांचा ठोकळा होता, तो कामाचा. पण तोही योजनेच्या कार्यालयात उघडतो. बांधावर कुणी उघडलेला पाहिलाय का?

फाइल_क्रमांक_सात

बांधावर नाही. पण कालव्याच्या टोकाला पाणी पोचत नाही हे नकाशात लाल दिसतं आणि वरच्या शेतकऱ्याला ते नाकारता येत नाही. टोकाच्या शेतकऱ्याला विचारा त्याला नकाशा हवा की नको.

सुमन_नैरोबी

विचारा जरूर. तिलाही विचारा.