बाथरूमचा पांढरा थर, चिमणीचा चिकटा, काळ्या फटी : कशाने काढायचं आणि आधी काय?

उंबरठा :
दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाथरूम असं अख्खं घर कानाकोपऱ्यासकट साफ करायचं आहे. हाताशी दोन माणसं आणि दोन दिवस. नेहमीच्या झाडू-पोछाचं काही विचारत नाही, अडतंय ते तीन ठिकाणी.
१. बाथरूमच्या टाईल्स, काच आणि नळांवरचा पांढरा थर. साबणाने ढिम्म हलत नाही.
२. चिमणीची जाळी आणि स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या माथ्यावरचा पिवळा चिकटा.
३. टाईल्समधल्या फटी आणि बेसिनभोवतीचं सिलिकॉन, दोन्ही काळं.
खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की सगळं निघतं, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. खरं का? आणि सुरुवात कुठून करावी?

क्षारमुक्त :
सोडा-व्हिनेगरचं आधी निकालात काढू. एक अल्क, दुसरं आम्ल. एकत्र आले की एकमेकांना मारतात आणि उरतं सोडियम ॲसिटेटचं मिळमिळीत पाणी. फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइडचा, मळाशी त्याचा संबंध नाही. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, पण वेगवेगळ्या.

तुमचे तीन प्रश्न म्हणजे तीन निरनिराळे मळ. पांढरा थर हा जड पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट, तो आम्लात विरघळतो. पिवळा चिकटा म्हणजे हवा आणि उष्णतेने घट्ट झालेलं तेल, त्याला अल्क आणि गरम पाणी लागतं. काळं आहे ती बुरशी, तिला ऑक्सिडीकारक, म्हणजे ब्लीच. साबणाने पांढरा थर हलत नाही, कारण ते त्याचं कामच नाही.

थरासाठी १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. कोमटच. उकळत्या द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचा न विरघळणारा साका बसू शकतो आणि एक थर काढताना दुसरा चढतो. टाईल्सवर साबणाचा बुळबुळीत पापुद्रा असेल तर तो आधी भांड्यांच्या साबणाने काढा, नाहीतर आम्ल खालपर्यंत पोचत नाही. मग खरी अडचण येते ती उभ्या भिंतीची. फवारलेलं द्रावण दोन मिनिटांत ओघळून जातं आणि लोक म्हणतात, ‘काही उपयोग नाही’. त्यावर टिश्यू पेपर चिकटवा, पुन्हा फवारून ओला करा, १५ ते २० मिनिटं तसाच ठेवा. नंतर मऊ घासणी फिरवली की पुरे. थर जाड असेल तर जोर वाढवू नका, फेरी वाढवा.

नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा आणि तासभर द्रावणात टाका. शॉवरला द्रावणाची पिशवी रबराने बांधा, पण क्रोमचा मुलामा असेल तर अर्ध्या तासात सोडवून धुवा. काचेचे डाग दोन फेऱ्यांनंतरही तसेच असतील तर तो थर नाही, काचच खरवडली गेली आहे. तिथे घासून काही मिळत नाही.

एक सक्त मनाई : संगमरवर, चुनखडीचा दगड आणि संगमरवरी खडीची मोझेक फरशी. थर ज्या पदार्थाचा, तोच दगडही. आम्ल दोघांत फरक करत नाही, पाच मिनिटांत पॉलिश उडतं. सिमेंटच्या फटींचंही थोड्याफार प्रमाणात तेच. म्हणून आम्ल लावण्याआधी भिंत साध्या पाण्याने भिजवून घ्या, म्हणजे फटी पाणी पिऊन बसतात आणि आम्ल कमी शोषतात.

वरून_खाली :
क्रमाबद्दल. दोन दिवस पुरतील, फक्त ‘भिजत घालणं’ हे पहिलं काम ठेवा. चिमणीची जाळी आणि नळाच्या जाळ्या भिजत पडल्या की मग झटकायला लागा. हाताला काम आणि रसायनाला वेळ, दोन्ही एकदम.

खोलीत कोरडं आधी, ओलं नंतर, आणि वरून खाली. जळमटं, पंखा, कपाटांचे माथे, खिडक्यांच्या खाचा, शेवटी फरशी. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून ओढून घ्या, धूळ अभ्र्यातच राहते. खिडकीच्या खाचेत कोरडा ब्रश न फिरवता पाणी ओतलं की चिखल होतो आणि तो कोपऱ्यात जाऊन बसतो. ‘वरून खाली’ला अपवाद एकच : रंगवलेली भिंत ओल्या फडक्याने धुताना खालून वर जायचं. वरून सुरू केलं तर मळकट ओघळ कोरड्या भिंतीवर उतरतात आणि त्यांचे पट्टे राहतात. साधा डिस्टेंपर असेल तर धुण्याच्या फंदात पडू नका, रंगच फडक्यावर येईल.

आता चिकटा. स्टीलच्या जाळीला १ लिटर कडकडीत गरम पाण्यात २ मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा भांड्यांचा साबण, अर्धा तास. हातमोजे घाला, हा सोडा कातडी सोलवटतो. खायचा सोडा त्याची जागा घेत नाही, तो फार सौम्य. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर मात्र धुण्याचा सोडा वर्ज्य. ती काळी पडते आणि परत उजळत नाही. तिला फक्त गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, दोन-तीनदा.

कपाटांच्या माथ्यावर साबणाच्या गरम पाण्यात भिजवलेलं फडकं पसरून दहा मिनिटं सोडा. मग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. लाकूड पॉलिशचं असेल तर फडकं पिळून घ्या आणि लगेच कोरडं करा. साफ झाल्यावर माथ्यावर वर्तमानपत्र अंथरा. पुढच्या खेपेला कागद बदलला की झालं. (इतका साधा उपाय कुणी करत का नाही, कळत नाही.)

उंबरठा :
दोघांचे आभार. जाळी कसली आहे हे कसं ओळखायचं? चुंबक चिकटत नाही, म्हणजे ॲल्युमिनियम समजू का? आणि फटी राहिल्याच की.

वरून_खाली :
चुंबकावर जाऊ नका, भांड्यांच्या प्रतीच्या बऱ्याच स्टीललाही तो चिकटत नाही. बारीक तारांचे पाच-सहा थर आणि उचलायला फुलासारखी हलकी, तर बहुधा ॲल्युमिनियम. आडव्या जाड पट्ट्यांची आणि जड, तर बहुधा स्टील. शंका असेल तर ॲल्युमिनियमच धरून चाला, नुकसान नाही.

फटफटीत :
फटींवर लगेच ब्लीच ओतू नका. ब्लीच मळावरच खर्ची पडतं, बुरशीपर्यंत पोचत नाही. आधी साबणाने फट घासा. तारेचा ब्रश नको, सिमेंट भुसभुशीत होतं.

मग ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पावडर : १ लिटर गरम पाण्यात २ मोठे चमचे, पाणी ५० अंशांच्या आसपास. थंड पाण्यात ती आळशी असते. फटीवर २० मिनिटं ओलं राहू द्या, घासा, धुवा. उरलेलं द्रावण बाटलीत बूच लावून ठेवू नका, आत ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुगते.

सिलिकॉनला साधं क्लोरीनचं ब्लीच चालतं. टिश्यूची वात करून त्यात भिजवा, काळ्या पट्टीवर दाबून तासभर ठेवा, खिडकी उघडी. डाग वरवरचा असेल तर जाईल. बुरशी सिलिकॉनच्या आत शिरली असेल तर काही केल्या जात नाही. पट्टी पात्याने कापून काढा, जागा पूर्ण वाळवा, नवीन भरा आणि २४ तास पाणी लागू देऊ नका.

आणि हे ठळक वाचा : सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगरवर ब्लीच पडलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाच्या काचेच्या क्लीनरवर पडलं तर क्लोरामाइन. बंद बाथरूममध्ये दोन्ही घातक. थर आणि बुरशी एकाच दिवशी काढूच नका. पहिल्या दिवशी आम्ल, भरपूर पाणी, रात्रभर वाळवण. दुसऱ्या दिवशी ब्लीच.

घासूनपुसून :
टाईल्ससाठी ते धूर सुटणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरायचं का, हे कुणीतरी विचारणारच. थर झटकन जातो हे खरं. पण फटींचं सिमेंट खातं, आणि त्याच्या वाफेने जवळचे स्टीलचे नळ, बिजागऱ्या, अगदी न शिंपडताही गंजतात. सायट्रिकने अर्धा तास जास्त लागतो, एवढंच.

कमोडच्या कडेखालच्या थरालाही टिश्यूचीच युक्ती. आधी ब्रशने दट्ट्यासारखे जोरात धक्के देऊन भांड्यातलं पाणी पुढे ढकला, नाहीतर द्रावण पातळ होतं. मग भिजवलेला टिश्यू कडेखाली कोंबून तासभर ठेवा. टिश्यू फ्लश न करता कचऱ्यात टाका.

मायक्रोफायबरची फडकी धुताना कपडे मऊ करणारं कंडिशनर घालू नका. तंतूंवर त्याचा लेप बसतो आणि फडकं पाणी शोषायचं सोडून काचेवर पट्टे उमटवायला लागतं.