पाहुण्याला बोलावलंय, तर त्याला बोलू द्या

कानसेन :
परवा इथे एकाने लिहिलं, ‘मराठी पॉडकास्टवाल्यांना नावं ठेवणं बंद करा. पदरमोड करून करतात, तुम्हाला फुकट मिळतं. नाही आवडलं तर बंद करा, किरकिर कशाला?’ त्यावर भराभर अंगठे पडले. मला ते अजिबात पटलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

फुकट कसलं? माझा दीड तास जातो. आणि बंद करायचं म्हणाल, तर समोर बसलेला माणूस ऐकायचा असतो म्हणून तर लावलेलं असतं ना!

गेल्या आठवड्यात एका जुन्या ढोलकीवादकांची मुलाखत ऐकली. सुरुवातीची काही मिनिटं त्याच मुलाखतीतली चटपटीत वाक्यं, खाली धडधड वाजणारं संगीत. मग तेलाची जाहिरात. मग ‘तुमच्या प्रवासाबद्दल सांगा’. हा प्रश्न विचारला की समजावं, पठ्ठ्याने काहीही वाचलेलं नाही. तरी बुवा रंगात आले. तमाशाच्या गणात ढोलकी कशी बोलते, वगात तिचा बाज कसा बदलतो, बैठकीच्या लावणीला हात कसा आवरावा लागतो, हे सांगायला लागले. आणि यजमान सतत ‘हं… हं… वा… क्या बात है… अगदी अगदी’. शेवटी तर मध्येच तोडून स्वतःच्या कॉलेजातल्या गॅदरिंगची गोष्ट! ती संपेपर्यंत बुवांचा धागा तुटला तो तुटलाच. अशी माणसं आता किती उरलीत? हे परत कोण सांगणार?

माईकमागे :
मी एडिटिंग करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. सुरुवातीची चटपटीत वाक्यं आम्हाला हौस म्हणून नसतात. यूट्यूब आलेख दाखवतं, पहिल्या अर्ध्या मिनिटातच लोक धडाधड निघून जातात. जाहिरातीचे पैसे नीट सुरू व्हायचे तर 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास बघितलं गेलेलं लागतं. नवीन माणसाला ते गाठताना घाम फुटतो.

आणि ‘हं हं’ म्हणालात, तर समोरच्याने काहीच दाद दिली नाही की पाहुणा बिचकतो. कॅमेरा, दिवे, अनोळखी खोली. पहिल्यांदाच बोलणाऱ्या माणसाला धीर द्यावा लागतो.

कानसेन :
धीर मान हलवूनही देता येतो. आणि दोघांचे माईक वेगळ्या ट्रॅकवर असतात ना? पाहुणा बोलत असताना यजमानाचा ट्रॅक गप्प करा.

माईकमागे :
दोन माईक, दोन ट्रॅक असतील तर करतोच. पण पुष्कळांकडे टेबलावर एकच माईक असतो, वरचा पंखा बंद करून घामाघूम होऊन शूट चाललेलं असतं. त्यात एकाचा आवाज दुसऱ्यातून काढता येत नाही. आणि दोन माईक असले तरी दोघं जवळ बसलेले असतील तर यजमानाचं ‘वा’ पाहुण्याच्या माईकमध्येही शिरतं.

रेडिओवेडी :
आमच्या पिढीला अमीन सयानी मिळाले. 1952पासून रेडिओ सिलोनवरून ‘गीतमाला’ हा गाण्यांचा कार्यक्रम, समोर कोणी नाही, तरी माणूस आपल्याशीच बोलतोय असं वाटायचं. सुधीर गाडगीळांची मुलाखत आठवा, प्रश्न छोटा असायचा आणि समोरचा खुलायचा. आजचे प्रश्न पाहुण्याच्या उत्तरापेक्षा लांब असतात.

निवांत_नाशिक :
रेडिओवेडी, माफ करा, पण आकाशवाणीवर भाषण आधी लिहून द्यावं लागायचं, ते तपासलं जायचं, आणि वेळ संपली की संपली. त्या ढोलकीवाल्या बुवांना तिथे सलग दीड तास कोणी दिला असता? यजमान अर्धाकच्चा असेल, पण त्याने दार उघडलं हे मान्य करा.

रेडिओवेडी :
दार उघडलं, हे खरं. पण तपासलं जायचं, हा दोष कसा म्हणता तुम्ही?

सोलापूरचा_संत्या :
तपासण्याचा विषय निघालाच आहे तर बोलतो. तुमचं हं-हं काय घेऊन बसलात! माझ्या वडिलांना बरीच वर्षं मधुमेह आहे. एका पॉडकास्टवर कुणी ‘तज्ज्ञ’ येऊन म्हणाला, गोळ्या हा कंपन्यांचा धंदा आहे, अमुक काढा घ्या, साखर मुळासकट जाते. यजमान काय म्हणाला? ‘वा सर, आज डोळे उघडले.’ एक प्रश्न नाही, एक शंका नाही. वडिलांनी घरात कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. साखर चारशेच्या वर गेली तेव्हा आम्हाला कळलं, ते दवाखान्यात भरती झाल्यावर. आई रात्रभर बाकावर बसून होती. त्या यजमानाने ‘हे आपल्या डॉक्टरांना विचारून करायचं ना?’ एवढं एकच वाक्य विचारलं असतं, तर?

आजीचा_बटवा :
वडिलांचं वाईट वाटलं, पण सगळं खापर पॉडकास्टवर कशाला? मी स्वतः आहार बदलला, वजन उतरवलं आणि माझ्या गोळ्या बंद झाल्या. मलाही सुरुवात एका मुलाखतीतूनच झाली. ऐकणाऱ्याला स्वतःची अक्कल असते की नाही?

सोलापूरचा_संत्या :
माझ्या वडिलांची अक्कल काढू नका. चाळीस वर्षं गिरणीत हिशेब लिहिलेला माणूस आहे. पांढऱ्या कोटातला माणूस आत्मविश्वासाने बोलतोय आणि समोरचा मान डोलावतोय, मग विश्वास बसणारच.

आजीचा_बटवा :
अक्कल काढली नाही. पण माझा अनुभव खोटा ठरवू नका.

गावचा_डॉक्टर :
दोघांनी जरा थांबा. बटवाताई, तुमचा अनुभव खोटा नाही. ब्रिटनमधला डायरेक्ट नावाचा अभ्यास 2017मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला जेमतेम 850 कॅलरींचा आहार काही महिने देऊन, नंतर हळूहळू जेवण सुरू करून, वर्षअखेरीस 46 टक्के रुग्ण गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली आले. पण ते सगळे टाइप 2चे होते, कुणीही इन्सुलिनवर नव्हतं, आणि सगळं डॉक्टर-नर्सच्या देखरेखीखाली चाललं होतं. ज्याला इन्सुलिनच लागतं त्याने ते थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. असे पेशंट माझ्याकडे येतात, आणि हल्ली ‘व्हिडिओत पाहिलं’ हे वाक्य सोबत येतं.

आणि मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला या देशात 1954च्या कायद्याने बंदी आहे. त्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. काढा तिथेच विकला जात असेल तर ती मुलाखत आहे की जाहिरात, हे यजमानाने स्वतःला विचारावं.

आजीचा_बटवा :
देखरेख हवी, हे मान्य. मीही डॉक्टरांना दाखवतच होते. पण मग तसं मुलाखतीत सांगायला हवं होतं, एवढं म्हणते.

सोलापूरचा_संत्या :
मी दुसरं काय म्हणतोय?

माईकमागे :
आता लिहितोच. यजमान उलटा प्रश्न का विचारत नाही, याचं एक कारण मी आतून पाहिलंय. काही ठिकाणी पाहुणाच पैसे देऊन येतो. प्रश्न आधी ठरलेले असतात, कुठला विचारायचा नाही हेही ठरलेलं असतं. मी एकदा गोळ्या सोडण्याबद्दलचं वाक्य कापलं, तर मालकाने परत जोडायला लावलं.

निवांत_नाशिक :
पैसे घेतले तर पडद्यावर तसं लिहायला हवं. जाहिरात क्षेत्राच्या परिषदेने 2021मध्येच इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केलेत, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत तोंड दाखवणाऱ्यालाही ग्राहक कायद्याखाली 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हे तुमच्या मालकाला माहीत आहे का?

कानसेन :
धागा माझा होता आणि तो कुठल्या कुठे गेला, पण राहू दे, हे जास्त महत्त्वाचं आहे. फक्त एक बघा, मुळाशी खोट एकच आहे. बुवांना मध्ये तोडणारा आणि त्या भोंदूला न तोडणारा, दोघेही समोरच्याचं ऐकत नव्हते.

माईकमागे :
पुढच्या शूटला एक डॉक्टर येणार आहेत. ‘सशुल्क’ अशी पाटी पहिल्या मिनिटापासून ठेवायला मालकाला सांगणार आहे. ऐकतील की नाही, बघू.

सोलापूरचा_संत्या :
पाटी वडिलांना दिसणारच नाही, बरेचदा मोबाईल खिशात ठेवून ऐकतात ते. यजमानाने तोंडाने सांगायला पाहिजे. आणि प्रश्न विचारायला पाहिजे.