बेडमागच्या ओल्या भिंतीला लाकडी पॅनेलिंग करावं का?

डोंबिवलीची सून:
बेडरूम दहा बाय अकरा. बेडमागची भिंत पश्चिमेची, बाहेरची. पावसाळ्यात खालच्या तीन फुटांत पोपडे धरतात. दोनदा पुट्टी मारून रंगवली, गणपती येईपर्यंत परत तेच. आता मिस्त्री म्हणतो, "ताई, वरून पॅनेल ठोकून टाकू, काही दिसणार नाही." मला सागाचं व्हिनियर (प्लायवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ थर) हवंय. आजोळी माजघराला सागाची तक्तपोशी होती, तिचा मोह असणार. सासूबाई म्हणतात, वाळवीला आवतण देतेयस. नवरा तटस्थ आहे, म्हणजे पैसे त्याचे. काय करू?

सुताराचा मुलगा:
दिसणार नाही हे मिस्त्रीचं खरंच आहे. वास मात्र येईल.

आधी एक करा. पोपडे खरवडून तिथे जाड प्लास्टिकचा फूटभर तुकडा लावा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीकडे असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती खोलीतल्या हवेतली ओल. पहिलं निघालं तर बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा भरून वॉटरप्रूफिंग केल्याशिवाय त्या भिंतीला खिळाही मारू नका. मागून ओल लागली की आयएस ७१०चा (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं मानक) शिक्का असलेल्या मरीन प्लायचाही फार उपयोग नाही. तो प्लाय चिकटा सुटू देत नाही, पण वरचं व्हिनियर आणि मागे भिंतीला ठोकलेल्या लाकडी पट्ट्या काही मरीन नसतात. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) तर नकोच, कडेने पाणी पितो आणि फुगतो.

चिपळूणकर:
आम्ही वाळवीच्या भीतीने पीव्हीसीच्या पट्ट्या लावल्या. पॅनेल ठणठणीत! दुसऱ्या पावसाळ्यानंतर स्विचबोर्ड बदलायला एक पट्टी काढली, तर मागची भिंत काळी बुरशीने भरलेली. त्या खोलीत आईला रात्री खोकला का येतो, ते तेव्हा कळलं. नंतर सगळं उतरवलं.

डोंबिवलीची सून:
प्लास्टिक लावलं होतं. थेंब भिंतीकडच्या बाजूला, तेही इतके की खाली ओघळ. सोसायटीला अर्ज दिलाय. पण समोरची भिंत आतली आहे, कोरडी. बेड तिकडे फिरवून पॅनेल तिथे लावलं तर? मिस्त्री म्हणतो, खोली लहान होईल.

सुताराचा मुलगा:
फिरवा. लहान होण्याचा हिशेब असा: पाऊण इंचाच्या पट्ट्या, त्यावर १२ मिमी प्लाय, त्यावर ४ मिमी व्हिनियर, सगळं मिळून दीड इंचाच्या आत. बेडचं डोकं तीनेक इंचाचं असतं. ते काढून टाका, पॅनेललाच टेकून बसायचं. म्हणजे जागा वाढलीच.

छतापर्यंत नेऊ नका. दहा बाय अकराच्या खोलीत पेटीत झोपल्यासारखं वाटतं (हे माझं मत, डिझायनरचं वेगळं असेल). शीट आठ बाय चारची येते, म्हणून उंची चार फूट धरा. रेषा उभ्या हव्या असतील तर शीट मधोमध आडवी कापायची: एका शीटमधून चार बाय चारचे दोन तुकडे, आठ फूट रुंदी झाली. दहा फुटांना सव्वा शीट, म्हणजे दोन घ्याव्या लागतील. दोन्ही एकाच गठ्ठ्यातल्या, लागोपाठच्या घ्या आणि दुकानातच शेजारी शेजारी उभ्या करून बघा. नाहीतर एक पिवळट, एक तांबूस. आमच्या वडिलांनी एकदा न बघता घेतल्या होत्या, त्या घरात अजूनही गेलो की माझी नजर तिथेच जाते.

खाली स्कर्टिंगवर लाकूड टेकवू नका, बोटभर वर ठेवा. लादी पुसताना पाणी जातं. ठोकण्याआधी भिंत-फरशीच्या सांध्यात वाळवीचं औषध, पट्ट्यांनाही. आणि स्विचचे डबे पुढे काढून घ्यायला वायरमनला आधी बोलवा, सुतार गेल्यावर नाही.

डोंबिवलीची सून:
वायरमन रविवारी येतोय. प्लास्टिक मी टाकलं नाही, सासूबाईंनी मागून घेतलं. अर्जासोबत सेक्रेटरींना दाखवायला.